कृषिपंपाच्या विजेचा हिशेब कुठे हरवला?

20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी तारा पोचू लागल्या. 1972च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या, त्यांवर मोटारी बसल्या. लांबलांबच्या शिवारात जाऊन प्रत्येक मोटारीचे रीडिंग घेणे खर्चिक होते. म्हणून 1970च्या दशकातच हॉर्सपॉवरवर ठरावीक आकारणी सुरू झाली. मोटार कितीही तास चालवा, बिल तेवढेच.

माझ्या मते आजच्या दुखण्याचे मूळ इथे आहे. मीटरच नसल्याने शेतीने किती वीज वापरली, हा अंदाजाचा आकडा झाला. चोरी आणि गळतीही त्याच आकड्यात लपवता येऊ लागली. वीज नियामक आयोगाने 2000 साली पहिल्यांदा दर ठरवताना हा हिशेब तपासला, तेव्हा मंडळ सांगत होते त्याहून गळती कितीतरी जास्त निघाली. शेतकऱ्याच्या नावावर अशी वीज लिहिली गेली, जी त्याच्या शेतात कधी आलीच नव्हती. हा त्याच्यावरचा मोठा अन्याय होता.

त्याच काळात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाची महागडी वीज मंडळाला पेलवेना. 2001 मध्ये तो बंद पडला. 2004च्या निवडणुकीआधी शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली. जून 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या आल्या. थकबाकीचे ओझे महावितरणकडे राहिले.

गावात मात्र प्रश्न वेगळाच होता. भारनियमनाच्या वर्षांत मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट यायची रात्री. अंधारात साप-बिबट्यांच्या भीतीने दारे मोडायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, झेपेल त्याहून जास्त मोटारी, त्यात तारेवर चोरून टाकलेले आकडे. दाब कमी पडून मोटार जळायची, डीपीही जळायची. नवी डीपी येईपर्यंत उभे पीक वाळायचे. अशा विजेचे बिल भरायला मन धजत नाही, आणि वसुली नाही म्हणून दुरुस्ती रखडते.

गावठाण आणि शेतीच्या विजेच्या वाहिन्या (फीडर) वेगळ्या करणे हा त्यावरचा पहिला खरा उपाय. त्यामुळे निदान वाहिनीवर तरी मोजमाप होऊ लागले. 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज देण्याचे काम सुरू झाले. एप्रिल 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. मीटर नसलेले पंप अजूनही आहेत, आणि त्यांच्या बिलाचा आधार अजूनही हॉर्सपॉवरच आहे.