लिव्हर आणि पित्तनलिकेचा कॅन्सर : ऑपरेशन किंवा प्रत्यारोपणाला जाण्यापूर्वी

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून लिव्हरच्या उपचारासाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्या पेशंटची फाइल लावणे, अपॉइंटमेंट घेणे, गाडीची व राहण्याची सोय पाहणे आणि योजनांची कागदपत्रे पूर्ण करून देणे, एवढे आमचे काम. आम्ही डॉक्टर नाही. पण ऑफिसात येणारा प्रत्येक नातेवाईक साधारण तेच प्रश्न विचारतो आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके तेच विचारायचे राहून जातात, म्हणून हे पत्रक काढले. घरातल्या एकाने निवांत वाचावे आणि फाइलमध्ये ठेवून द्यावे.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. तुंबलेले पित्त वाहते करायला नळी (स्टेंट) टाकण्याआधी, गाठीचा तुकडा घेण्याआधी, केमो सुरू होण्याआधी सगळे रिपोर्ट एकदा लिव्हरच्या सर्जनच्या नजरेखालून जाऊ द्या. कारण पुढे येईलच.

काविळीची माळ

आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की आधी माळ घालतात किंवा कुणाच्या तरी गावचे झाडपाल्याचे औषध आणतात. साध्या विषाणूची कावीळ बहुतेक वेळा आपोआपच उतरते आणि श्रेय माळेला जाते. पित्तनलिकेत अडथळा असेल तर मात्र ती उतरत नाही, वाढतच राहते. पोट दुखत नाही पण डोळे पिवळे आहेत, अंगाला रात्रभर खाज सुटते, लघवी गर्द पिवळी आणि शी मातकट-पांढुरकी होते आहे, वजन घटते आहे, असे पन्नाशीच्या पुढच्या माणसाला झाले तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. खडासुद्धा निघू शकतो. निघाला तर बरेच. काविळीबरोबर थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला असेल तर ते जिवावर बेतते, आणि अशा वेळी नळी टाकायला थांबायचे नसते.

नेमका कोणता कॅन्सर

लिव्हरमध्ये गाठ दिसली म्हणजे ती लिव्हरचीच असे नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये येऊन बसतो, त्याचा हिशोब वेगळा. निवडक पेशंटमध्ये त्याही गाठी काढता येतात, म्हणून ‘पसरलाय, आता काही होणार नाही’ असे घरच्या घरी ठरवू नका.

लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर, ज्याला रिपोर्टात एचसीसी लिहितात, तो बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो. कारणे हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, आणि मधुमेह-लठ्ठपणातून आलेले फॅटी लिव्हर. ‘आमच्या वडिलांनी कधी दारूला हात लावला नाही’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की फॅटी लिव्हरचा रिपोर्ट हसण्यावारी नेणाऱ्यांचा राग येतो. सिरॉसिस (लिव्हर कडक आणि खराब होत जाणे) असलेल्या माणसाच्या ट्रायफेजिक, म्हणजे टप्प्याटप्प्याने काढलेल्या, सीटी किंवा एमआरआयमध्ये गाठीने शिरेतून दिलेला डाय चटकन उचलला आणि लवकर सोडला, तर अनेकदा तुकडा न काढताच निदान पक्के होते.

पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये जागेला महत्त्व आहे. द्राक्षबागेत काम करणाऱ्यांना हे पटकन कळते. लिव्हरमधल्या बारीक नलिका म्हणजे काड्या, त्या डाव्या-उजव्या ओलांड्याला (खोडापासून दोन बाजूंना जाणाऱ्या आडव्या फांद्यांना) येऊन मिळतात आणि दोन्ही ओलांडे खोडाला. गाठ काड्यांत असेल तर लिव्हरचा तो भाग काढतात. खोडाच्या खालच्या टोकाला, स्वादुपिंडाजवळ असेल तर व्हिपल नावाचे मोठे ऑपरेशन लागते. दोन ओलांडे खोडाला मिळतात तिथेच गाठ बसली तर सर्वांत अवघड. तिला क्लॅटस्किन ट्यूमर म्हणतात. अमेरिकन डॉक्टर क्लॅटस्किन यांनी १९६५ मध्ये तिचे वर्णन केले. तिथे नलिका, लिव्हरचा अर्धा किंवा त्याहून मोठा भाग आणि मागचा कॉडेट लोब नावाचा छोटा भाग काढून उरलेल्या नलिका थेट आतड्याला जोडाव्या लागतात.

आता आमच्या आग्रहाचे कारण. अशा गाठीत आधी नळी टाकली की आजूबाजूला सूज येते आणि नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ कुठे सुरू होते, कुठे संपते, हे नीट दिसत नाही. शिवाय कोणत्या बाजूची नलिका मोकळी करायची, हे लिव्हरची कोणती बाजू शिल्लक ठेवायची त्यावर ठरते. म्हणून आधी स्कॅन, मग नळी. आणि या जागेच्या गाठीचा पोटातून सुई घालून तुकडा घेतला तर पेशी पसरण्याचा धोका असतो. ज्या केंद्रांत या आजारासाठी प्रत्यारोपण होते, तिथे एवढ्या एका सुईमुळे पेशंट बाद ठरू शकतो.

‘वारा लागला की कॅन्सर पसरतो’ हा समज मात्र खोटा आहे. पोट उघडल्याने कॅन्सर पसरत नाही. उघडल्यावर तो आधीच पसरलेला आढळतो, तेव्हा लोकांना तसे वाटते.

किती काढायचे, किती ठेवायचे

सर्जन गाठीपेक्षा जास्त काळजी उरणाऱ्या लिव्हरची करतो. निरोगी लिव्हरचा साधारण २० ते २५ टक्के भाग उरला तरी माणूस तगतो, कारण उरलेला भाग काही आठवड्यांत फुगून मोठा होतो. बऱ्याच केमोनंतर ३० टक्क्यांच्या आसपास लागतात, सिरॉसिस असेल तर ४० टक्के. सीटीवरून हे आकारमान मोजता येते. ‘किती टक्के उरणार?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही.

उरणारा भाग कमी पडत असेल तर जी बाजू काढायची आहे तिचा रक्तपुरवठा, म्हणजे पोर्टल व्हेनची फांदी, आधी सुईवाटे बंद करतात आणि साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. तेवढ्यात दुसरी बाजू वाढते. या थांबण्याच्या काळात घरचे फार अस्वस्थ होतात, ‘डॉक्टर वेळ घालवतायत’ म्हणून दुसरीकडे जातात आणि तिथे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तसे करू नका.

प्रत्यारोपण कुणाला

गाठ लहान पण लिव्हर पार खराब, अशा एचसीसीच्या पेशंटला प्रत्यारोपणाचा सर्वाधिक फायदा होतो, कारण गाठ आणि खराब लिव्हर दोन्ही एकदम जातात. १९९६ मध्ये इटलीतल्या मिलान शहरातून जी मोजपट्टी आली ती आजही पाया मानतात : एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, अनेक असतील तर जास्तीत जास्त तीन आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत, रक्तवाहिनीत शिरलेली नाही, लिव्हरबाहेर गेलेली नाही. त्या मूळ अभ्यासात चार वर्षांनंतर ७५ टक्के पेशंट जिवंत होते. आता काही केंद्रे याच्या थोडे पुढेही जातात. गाठ मोठी असेल तर आधी टेस (रक्तवाहिनीतून थेट गाठीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडणे) किंवा अॅब्लेशन (सुईने गाठ जाळणे) करून ती आक्रसते का ते बघतात.

पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी प्रत्यारोपण फार निवडक ठिकाणी आणि निवडक पेशंटमध्ये होते : ओलांड्याच्या जोडावरची, काढता न येणारी, ३ सेंटिमीटरच्या आतली गाठ, आधी रेडिएशन-केमो, मग पोटात दुसरीकडे काही नाही याची खात्री, मग प्रत्यारोपण. ‘पैसे आहेत, लिव्हर बदलून टाका’ असे यात चालत नाही.

दाता

आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात. कायद्याप्रमाणे जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आईवडील, मुले, भाऊबहीण, आजीआजोबा आणि नातवंडे. मेहुणा, भाचा, मित्र यांना परवानगी-समितीपुढे जावे लागते. रक्तगट जुळणे, वय १८ च्या वर आणि साधारण पन्नाशीच्या आसपासपर्यंत, लिव्हरवर चरबी नसणे हे पाहतात. पेशंटच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के लिव्हर मिळायला हवे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ४८० ग्रॅम. चरबी निघाली म्हणून नाकारलेला दाता काही आठवडे वजन उतरवून पुन्हा तपासणीला येऊ शकतो, असे घडते.

दात्याचे उरलेले लिव्हर काही महिन्यांत जवळपास पूर्ववत भरते. पण हे मोठे ऑपरेशन आहे, दात्याच्या जिवाचा धोका थोडा असला तरी शून्य नाही. इथे एक स्पष्ट बोलतो. घरची बैठक बसते आणि बायकोला किंवा सुनेला कुणी विचारतच नाही, गृहीत धरतात. दाता बाई असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतःची संमती पेशंटव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने पडताळावी, असे नियमातच आहे. या पडताळणीत ती ‘नाही’ म्हणाली तर आम्ही ती फाइल बंद करतो, तिला समजवायला जात नाही.

मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी नाव हॉस्पिटलमार्फतच झेडटीसीसीच्या (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) यादीत लागते. ‘नंबर वर घेतो’ म्हणणारा कुणी भेटला तर तो फसवतो आहे.

पैसा

खासगी हॉस्पिटलात प्रत्यारोपणाचा खर्च साधारण २० लाखांच्या पुढे जातो, आणि नंतरची औषधे आयुष्यभराची. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण ५ लाखांपर्यंत आहे, पण प्रत्येक ऑपरेशन प्रत्येक हॉस्पिटलात बसत नाही. भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाला) विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्याला दिवस लागतात, म्हणून निदान झाल्याबरोबर सेतूत अर्ज टाकून ठेवा. शेत गहाण टाकायचा विचार या सगळ्याच्या नंतर.

फाइल आणि परतल्यानंतर

स्कॅनची फिल्म मोबाइलवर फोटो काढून पाठवतात, तिचा उपयोग नाही. सीडी किंवा पेन ड्राइव्ह घ्या आणि ती उघडते का ते सेंटरमध्येच बघा. सोबत एएफपी, सीए १९-९, बिलिरुबिन, पीटी-आयएनआर, हिपॅटायटिस बी-सी या रक्ततपासण्यांचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी. नळी टाकली असेल तर कधी आणि कोणती, हे डिस्चार्ज कार्डावर असते. ते घरी विसरू नका.

प्रत्यारोपणानंतर सुरुवातीचे काही आठवडे हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहावे लागते. कसारा घाट उतरून रोज जाणे-येणे जमत नाही. शरीराने नवे लिव्हर नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमस औषधाची रक्तपातळी सकाळची गोळी घेण्याआधी मोजतात. नाशिकहून पहाटे निघताना सवयीने गोळी घेतली की तो रिपोर्ट वाया गेलाच. गोळी डब्यात न्या, रक्त दिल्यावर घ्या. अंगदुखीच्या किंवा अँटिबायोटिक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, टीबीची औषधेसुद्धा त्या टीमला विचारूनच. पपनस आणि चकोतरा बंद, त्याने औषधाची पातळी चढते. द्राक्षांचा प्रश्न आमच्याकडे दर हंगामात येतो : द्राक्षाने औषधाला बाधा नाही, पण सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक केंद्रे साल काढता येईल तेवढीच फळे देतात. नंतर डॉक्टरांना विचारून, स्वच्छ धुऊन.

आम्ही कुठल्याही हॉस्पिटलकडून कमिशन घेत नाही. आमची फी आधी सांगतो आणि पावती देतो. फाइल बघून ‘तुम्हाला मुंबईला जायची गरज नाही, नाशिकच्याच डॉक्टरांकडे उपचार सुरू ठेवा’ असे तिकडच्या सर्जनने कळवले, तर फक्त कुरिअरचा खर्च घेतो.