डब्याखालचा त्रिकोण काय सांगतो?

सोलापुरात शेंगा चटणी घेताना काकू प्लास्टिकचा डबा उलटा करतात आणि म्हणतात, "त्रिकोणात ५ आहे, म्हणजे खायला चालतो." शेजारचा तोच त्रिकोण बघून उलटं सांगतो, "बाण आहेत, म्हणजे भंगारातलं प्लास्टिक!" चुकतात दोघंही.

हा आकडा १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने आणला, भंगार वेगळं करणाऱ्यांसाठी. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन. फक्त प्लास्टिकची जात कळते. माल नवा की वितळवून केलेला, अन्नाला योग्य की नाही, यातलं काहीच नाही. रंगाच्या बादलीवरही ५ असू शकतो. तिच्यात लोणचं घालाल का?

अन्नासाठीची खूण वेगळी: पेला आणि काटा. तीही कोणी उगाच छापू शकतो म्हणा, पण निदान तिचा अर्थ तरी 'अन्नाला योग्य' असाच आहे.

पुनर्वापराचं प्लास्टिक सरसकट विषारी, हेही खरं नाही. प्रश्न त्यात आधी काय भरलं होतं याचा. फिनेल, कीटकनाशक भिनलेलं असेल तर नुसतं धुऊन जात नाही, आणि चटणीसारख्या तेलकट पदार्थात असली द्रव्यं सहज उतरतात. म्हणून २०१८च्या नियमांत एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, अन्नासाठी पुनर्वापराच्या प्लास्टिकवर बंदीच घातली होती. पुढे ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या मालाला वाट दिली. डब्यातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा आहे किलोला ६० मिलिग्रॅम.

त्याच नियमांत वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायलाही मनाई आहे. भजी मात्र अजून त्यातच मिळतात.