पाळीच्या कळा आणि विजेच्या मुंग्या

स्वीडनमधल्या इयन मिल्सम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीत खूप दुखणाऱ्या १२ जणींच्या गर्भाशयातला दाब त्यांनी बारीक नळीने मोजला आणि दोन उपायांची तुलना केली: नेप्रोक्सेन ही गोळी आणि त्वचेवरून दिलेला विजेचा जोरकस प्रवाह. गोळीने दुखणं कमी झालं, तसा गर्भाशयाचा जोरही उतरला. विजेनेही दुखणं कमी झालं, पण गर्भाशयाचं आवळणं जवळजवळ होतं तसंच चालू राहिलं.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. विजेच्या उपचाराची ताकद त्यात दिसते आणि मर्यादाही.

पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, त्यातल्या रक्तवाहिन्या दबतात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि ओटीपोटात कळ येते. जिला जास्त दुखतं तिच्यात ही रसायनंही बहुधा जास्त सापडतात. त्यामुळे ‘सगळ्यांनाच दुखतं, तू जरा जास्तच करतेस’ हे बोलणं नुसतं कठोर नाही, चुकीचंही आहे. नेप्रोक्सेन, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्या ते रसायन तयार होणंच रोखतात. म्हणून त्या कळा शिगेला पोचण्याआधी घेतल्या तर जास्त लागू पडतात.

विजेचा रस्ता वेगळा आहे. कोपर टेबलावर आपटलं की आपण ते लगेच चोळतो आणि थोडं बरं वाटतं. याचं कारण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं. स्पर्शाचा निरोप जाड, वेगवान मज्जातंतूंतून जातो, दुखण्याचा बराचसा निरोप बारीक, मंद तंतूंतून. दोन्ही मज्जारज्जूत एकत्र येतात आणि स्पर्शाचा ओघ मोठा असेल तर दुखण्याचा निरोप पुढे मेंदूकडे जाताना क्षीण होतो. ‘टेन्स’ नावाचं यंत्र हा स्पर्शाचा ओघ विजेने निर्माण करतं. शिवाय प्रवाहामुळे शरीरातली अफूसारखं काम करणारी नैसर्गिक वेदनाशामकंही कामाला लागतात.

गर्भाशयाकडून येणारे वेदनेचे तंतू मज्जारज्जूच्या ज्या भागात शिरतात, तिथेच बेंबीखालच्या आणि कमरेच्या त्वचेचे तंतूही येतात. पाळीत कंबर भरून येते ती याचमुळे. पॅडही त्याच पट्ट्यात लावतात, ओटीपोटावर किंवा पाठीच्या खालच्या भागात.

यंत्र मुठीत मावेल एवढं असतं. त्याला दोन किंवा चार चिकट पॅड. त्वचा स्वच्छ आणि कोरडी हवी. तेल-क्रीम लावलेलं असेल तर पॅड नीट चिकटत नाही आणि एकाच ठिकाणी चटका बसल्यासारखं टोचतं. पाळीच्या दुखण्यासाठी सहसा सेकंदाला ५० ते १२० स्पंदनं ठेवतात. मग प्रवाह हळूहळू वाढवायचा, मुंग्या ठसठशीत जाणवेपर्यंत; दुखेपर्यंत नव्हे. थोड्या वेळाने त्या मुंग्यांची सवय होते आणि जाणीव फिकी पडते, तेव्हा प्रवाह आणखी थोडा वाढवायचा. घाबरून जेमतेम जाणवेल एवढाच प्रवाह ठेवला, तर फायदाही जेमतेमच होतो.

कॉक्रेन या संस्थेने २००२ साली उपलब्ध चाचण्या तपासल्या, तेव्हा जास्त स्पंदनांचा टेन्स दाखवण्यापुरत्या दिलेल्या खोट्या उपचारापेक्षा सरस ठरला. २०२४ मधल्या नव्या आढाव्यात कमी स्पंदनांच्या टेन्सनेही दुखणं कमी होत असावं असं दिसलं. मात्र चाचण्या लहान असल्याने पुराव्याची खात्री कमी आहे, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. माझ्या मते एवढा पुरावा करून पाहायला पुरेसा आहे. विशेषतः अल्सरमुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे जिला या गोळ्या चालत नाहीत, तिच्यासाठी. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टकडे मान-कंबर दुखीसाठी हे यंत्र सर्रास लावतात. पाळीच्या दुखण्यासाठी विचारायला संकोच वाटू नये. पॅड कुठे लावायचे, प्रवाह किती ठेवायचा, हे तिथेच एकदा शिकून घ्यावं.

पेसमेकर असेल तर हे यंत्र वापरू नये. गरोदरपणाची शक्यता असेल किंवा फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गळ्याच्या पुढच्या भागावर, छातीवर, जखमेवर किंवा बधिर त्वचेवर पॅड लावू नयेत. अंघोळ करताना, झोपेत आणि गाडी चालवताना ते बंदच असावं.

आणि स्वीडनच्या प्रयोगातून निघणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: हे यंत्र दुखणं झाकतं, दुखण्याचं कारण नाही हटवत. वर्षागणिक वाढणारं, पाळी संपल्यावरही रेंगाळणारं, शौचाच्या किंवा शरीरसंबंधाच्या वेळी होणारं, किंवा आधी कधीच नसताना तिशीत नव्याने सुरू झालेलं दुखणं असेल, तर त्यामागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं), अ‍ॅडिनोमायोसिस (तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असू शकतं. अशा वेळी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली तरी एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरत नाही, म्हणून कधी, कुठे आणि किती दुखतं याची दोन-तीन महिन्यांची नोंद सोबत न्यावी आणि डॉक्टरांना ती वाचायला लावावी.