फळीपासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत

‘यंदा बोर्डाचं वर्ष आहे, तो कॅरम बोर्ड आधी माळ्यावर टाका!’ दहावीच्या घरातलं हे वाक्य. बोर्ड दोन, एकावर सोंगट्या फिरतात, दुसरा निकाल लावतो. शिवाय परगावची मुलं बोर्डिंगात राहतात आणि विमानात चढताना बोर्डिंग पास लागतो. एका शब्दाला इतके अर्थ चिकटले कसे?

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जेवणाचं टेबल म्हणजे बहुतेक ठिकाणी घोडीवर टाकलेली फळीच असे. जेवणं आटोपली की उचलून भिंतीला लावायची. तेव्हा फळी म्हणजे टेबल झालं. मग टेबलावर रोज मिळणारं जेवणही ‘बोर्ड’. पैसे देऊन जेवण-राहणं ते बोर्डिंग. त्याच टेबलाभोवती बसून कारभार पाहणारेही ‘बोर्ड’च. आपण मात्र परीक्षेच्या बोर्डाला ‘मंडळ’ म्हणतो, म्हणजे वर्तुळ. इंग्रजांना टेबल दिसलं, आपल्याला भोवती बसलेली माणसं!

विमानाचा बोर्ड जहाजावरून आला. जहाजाच्या बाजूलाही ‘बोर्ड’ म्हणत, म्हणून जहाजावर चढणं ते ‘बोर्डिंग’; पुढे विमानात चढणंही तेच. जुन्या जहाजांचं सुकाणू उजव्या कडेला असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’. यातल्या ‘स्टार’चा आकाशातल्या ताऱ्याशी संबंध नाही, तो सुकाणू धरण्याचा शब्द आहे.

अर्थ असा शेजारच्या वस्तूवर सरकत जातो. आपलं ‘पान’ बघा: झाडाचं, विड्याचं, वहीचं. आणि ‘पानं वाढलीत, चला’ म्हणताना समोर स्टीलचं ताट असलं तरी कुणाचं काही अडत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये या अनेकार्थतेला ‘पॉलिसेमी’ हे नाव रूढ केलं. हार्वर्डच्या जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये तिचं गणितही मांडलं: शंभरपट जास्त वापरला जाणारा शब्द साधारण दहापट अर्थ बाळगतो. घासून गुळगुळीत झालेले शब्दच जास्त राबतात.

पण प्रत्येक जोडी अशी नात्यातली नसते. क्रिकेटची बॅट जुन्या इंग्रजीतल्या सोट्यापासून आली. वटवाघूळ या अर्थाची ‘बॅट’ मुळात ‘बॅक’सारखी उच्चारली जाई; सोळाव्या शतकाच्या सुमारास तिचा उच्चार बदलला आणि ती सोट्याच्या शेजारी येऊन लटकली.