पार्श्वभूमी: सी भाषेतले अघोषित फंक्शन आणि लांबलेली साफसफाई

मे २०२४ मध्ये जीसीसी या सी कंपाइलरची (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाची) १४ वी आवृत्ती आली आणि वर्षानुवर्षे बिनबोभाट कंपाइल होणारी बरीच जुनी सी पॅकेजेस एकाएकी अडली. त्यांच्या कोडला कोणी हातही लावला नव्हता. हेडर (फंक्शनची ओळख सांगणारी फाइल) न घेता फंक्शन वापरणे, टाइप (मूल्याचा प्रकार) न लिहिताच फंक्शन लिहिणे, इंट (पूर्णांक) थेट पॉइंटरमध्ये (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या जागेत) भरणे, एका जातीचा पॉइंटर दुसऱ्याच्या जागी देणे, या सगळ्यावर तोवर नुसती वॉर्निंग येत असे. ती आता कंपाइल थांबवणारी एरर झाली. क्लँग या दुसऱ्या कंपाइलरच्या १६ व्या आवृत्तीने यातली बरीच वाट २०२३ मध्येच चालून ठेवली होती.

असा कोड चालवून घेण्याची ही सवलत सीच्या जन्माइतकीच जुनी. सी जिच्यातून निघाली त्या भाषेत टाइपच नव्हते, आणि तेव्हाच्या पीडीपी-११ संगणकावर इंट व पॉइंटर दोन्ही १६ बिटांचे. त्यामुळे अनोळखी फंक्शन इंटच परत करते असे धरून चालले तरी सहसा काही बिघडत नसे. १९८९ च्या स्टँडर्डमध्ये प्रोटोटाइप (फंक्शन काय घेते आणि काय परत करते हे आधीच सांगणारी ओळ) आले, पण जुना कोड मोडू नये म्हणून सवलत तशीच राहिली. ३२-बिट यंत्रांवर इंट आणि पॉइंटर पुन्हा एकाच मापाचे, म्हणून चूक झाकली गेली. (आपल्याकडे टर्बो सी या जुन्या कंपाइलरवर शिकलेल्यांना ‘व्हॉइड मेन’ची, म्हणजे ‘मेन’ हे मुख्य फंक्शन काहीच परत करत नाही असे लिहिण्याची, सवय लागली, तीही कंपाइलरच्या अशाच मोकळेपणामुळे.)

१९९९ च्या स्टँडर्डने, म्हणजे सी९९ ने, ही सवलत काढून टाकली. पण नियम मोडल्यावर कंपाइलरने काहीतरी कळवावे, एवढेच स्टँडर्ड मागते; कंपाइल थांबवलेच पाहिजे असे नाही. त्यात जीसीसी २०१५ पर्यंत, म्हणजे पाचवी आवृत्ती येईपर्यंत, सांगितले नाही तर सी९० च्याच (म्हणजे त्या १९८९ च्या स्टँडर्डच्याच) नियमांनी चालत होता. जास्तीच्या वॉर्निंग मागणारा ‘वॉल’ फ्लॅग (कंपाइलरला दिलेली सूचना) न लावणाऱ्याला साधी वॉर्निंगही दिसत नसे. सोळा वर्षे गप्प राहिलेल्या कंपाइलरने लोकांना ही सवय लावली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दरम्यान ६४-बिट यंत्रे घरोघरी आली. इंट ३२ बिटांवरच राहिला, पॉइंटर ६४ चा झाला. आता स्ट्रिंगचे तुकडे पाडणारे ‘स्ट्रटोक’ हेडर न घेता वापरले, तर परत आलेल्या पत्त्याचे वरचे ३२ बिट गळून पडतात. (मॅलॉकसारखी काही फंक्शन्स जीसीसीला मुळातच ठाऊक असल्याने बचावतात.) तरीही असे प्रोग्राम चालत राहिले, कारण लिनक्सवर प्रोग्रामचा स्वतःचा डेटा खालच्या पत्त्यांवर बसत असे आणि वरचे बिट तसेही शून्यच असत. २०१६-१७ च्या सुमारास मोठ्या लिनक्स वितरणांनी (लिनक्सचे तयार संच देणाऱ्या प्रकल्पांनी) सुरक्षेसाठी प्रोग्राम कुठल्याही पत्त्यावर चढेल अशा रीतीने बांधायला घेतले, डेटा वरच्या पत्त्यांवर गेला आणि तोच जुना कोड क्रॅश होऊ लागला. दोष मात्र नव्या वितरणाच्या माथी.

तरीही जीसीसी १४ च्या निर्णयावर झालेला वाद निव्वळ आळशीपणाचा नव्हता. खरी मेख बिल्डआधी सिस्टिम तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये होती. १९९१ पासून चालत आलेल्या ऑटोकॉन्फच्या पद्धतीत स्क्रिप्ट चार-पाच ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिते, तो कंपाइल करून बघते आणि त्यावरून ‘ही सोय आहे’ किंवा ‘नाही’ असे ठरवते. हे चाचणी-प्रोग्राम अनेकांनी हाताने लिहिलेले: ‘मेन’च्या आधी इंट नाही, आत ‘एक्झिट(०)’, आणि वर त्याची ओळख सांगणाऱ्या स्टडलिब हेडरचा पत्ता नाही. नव्या कंपाइलरवर अशी चाचणी नापास होते ती हेडरअभावी, पण स्क्रिप्टला वाटते सिस्टिममध्ये ती सोयच नाही. बिल्ड हिरवा दिसतो, पॅकेज तयार होते, फक्त एखादी सोय त्यातून गायब असते. एरर दिसली असती तर निदान कोणी दुरुस्त केली असती.

विरोधकांचा हा मुद्दा वजनदार होता. त्याला उत्तरही कामातूनच मिळाले: एका वितरणातल्या मंडळींनी कंपाइलरमध्येच फेरफार करून अशा प्रत्येक जागेची नोंद घेतली, पॅकेजमागून पॅकेज तपासले आणि दुरुस्त्या मूळ प्रकल्पांकडे पाठवल्या. ज्यांना जमणारच नव्हते त्यांच्यासाठी जुनी सवलत परत देणारा ‘परमिसिव्ह’ फ्लॅग ठेवला गेला. एवढी तयारी पाहता ‘अचानक लादले’ ही तक्रार पटत नाही.

त्याच २०२४ मध्ये दुसरीकडून दाब आला. २०३८ ची अडचण (३२ बिटांत मोजलेली वेळ त्या वर्षी संपते) टाळण्यासाठी ३२-बिट एआरएम प्रोसेसरवर वेळेचा टाइप ६४ बिटांचा करायला घेतला. तिथे नव्या फंक्शनकडे वळवण्याचे काम हेडरच करते; हेडर नसेल तर कोड गुपचूप जुन्याच फंक्शनशी जोडला जातो आणि दोघांची मापे जुळत नाहीत. म्हणून तिथेही अघोषित फंक्शन ही एररच करावी लागली.

२०२५ मध्ये जीसीसी १५ ने, वेगळे सांगितले नाही तर, सी२३ हे नवे स्टँडर्ड धरायला सुरुवात केली. आता रिकाम्या कंसांचा अर्थ ‘काहीही आर्ग्युमेंट चालेल’ असा राहिला नाही, जुन्या धाटणीच्या फंक्शन-व्याख्या स्टँडर्डमधून गेल्या, आणि ‘बूल’ कीवर्ड (भाषेचा राखीव शब्द) झाल्यामुळे स्वतःचा बूल टाइपडेफ करणारी, म्हणजे त्या नावाचा टाइप स्वतः बनवणारी, कितीतरी हेडर्स अडली. तूर्त अनेक प्रकल्पांनी बिल्ड फाइलमध्ये आधीच्या सी१७ स्टँडर्डचा फ्लॅग घालून वेळ मारून नेली आहे.