लष्करी न्यायालये आणि मुलकी न्यायव्यवस्था

सैनिकी कायद्याखालील अपराधांचा निवाडा करणाऱ्या न्यायालयांचा (कोर्ट मार्शल) देशातील इतर न्यायालयांशी असलेला संबंध. इंदूर परिसरात हा विषय महू छावणीमुळे निघतो. 1818 च्या मंदसोर तहानंतर होळकरांच्या मुलखात ही छावणी वसली.

भूसेना अधिनियम, 1950 नुसार लष्करी न्यायालये चार प्रकारची : सर्वसाधारण, जिल्हा, संक्षिप्त सर्वसाधारण व संक्षिप्त. शेवटच्या प्रकारात कमान अधिकारी (तुकडीचा प्रमुख) एकटाच न्यायाधीश असतो. आणखी दोघे कामकाजभर हजर राहतात, पण त्यांना शपथ नसते व निर्णयात त्यांचा वाटा नसतो. तरीही कमान अधिकारी लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरील हुद्द्याचा असल्यास जवानाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

चोरीसारखा गुन्हा दोन्हीकडे चालू शकतो. तो कुठे चालवायचा हे कलम 125 प्रमाणे आधी लष्करी अधिकारी ठरवतो. फौजदारी न्यायालयाने कलम 126 खाली आरोपीची मागणी केली व वाद मिटला नाही, तर केंद्र सरकारचा निर्णय अंतिम. मात्र मुलकी व्यक्तीचा खून किंवा तिच्यावरील बलात्कार सामान्यतः फौजदारी न्यायालयातच चालतो (कलम 70). प्रत्यक्ष युद्धसेवा, परदेश व सीमेवरील ठाणी हे अपवाद.

खरा वाद वरिष्ठ न्यायालयांच्या देखरेखीचा आहे. राज्यघटनेने सर्वोच्च न्यायालयाची अपिलासाठीची विशेष अनुमती (अनुच्छेद 136) आणि उच्च न्यायालयाचे पर्यवेक्षण (अनुच्छेद 227) यांतून लष्करी न्यायालये वगळली. त्यावरून ती न्यायालयीन तपासणीच्या पूर्ण बाहेर आहेत असा अर्थ काढला गेला. तो ग्राह्य वाटत नाही. महूतच एका सुभेदाराच्या घरी जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत 1949 साली हा मुद्दा स्पष्ट केला होता : लष्करी न्यायालयाने कायद्याने दिलेली अधिकारिता ओलांडली, तर वरिष्ठ न्यायालयांना हस्तक्षेप करता येईल. उच्च न्यायालयाला रिट (प्राधिलेख) काढण्याचा अधिकार देणाऱ्या अनुच्छेद 226 मध्ये तसे वगळणारे कलम नाही, हे येथे निर्णायक आहे.

अपिलाची सोय मात्र दीर्घकाळ नव्हती. बेदी खटल्यात (1982) सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव बोलून दाखवली. 2007 च्या अधिनियमाने लष्करी न्यायालयांवरील अपिले व सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणारे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आले. त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते काय, यावर पुन्हा मतभेद झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालाने ती वाट जवळपास बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयात अपील करायचे तर सार्वजनिक महत्त्वाचा कायदेविषयक प्रश्न लागतो. निवृत्तिवेतनासाठी झगडणाऱ्या साध्या शिपायाला तो कुठून मिळणार? 2023 मध्ये परशोतम दास प्रकरणात अनुच्छेद 226 चा अधिकार अबाधित असल्याचे ठरले, आणि तेच मत घटनेच्या मूळ योजनेशी जुळते.

मध्य प्रदेशासाठी न्यायाधिकरणाचे पीठ जबलपूरला आहे. छावणीत राहणारे मुलकी रहिवासी सामान्यतः नेहमीच्याच न्यायालयांच्या कक्षेत येतात.