लॅगिंगमधील आग

थर्मिक फ्लुइडच्या म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या नळांवरील उष्णतारोधक आवरणात म्हणजे लॅगिंगमध्ये मुरलेले तेल आपोआप तापून लागणारी आग. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींत थर्मिक फ्लुइड हीटर वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याशी हा विषय निगडित आहे. तेल बहुधा २५० ते ३०० अंश से. तापमानाला फिरते.

कारणमीमांसा : खनिज तेलाचे स्वयंप्रज्वलन तापमान (ठिणगीशिवाय पेटण्याचे तापमान) सहसा ३०० अंशांच्या वर असते, लॅगिंगमधले तेल मात्र त्याहून बरेच खाली पेटू शकते. ग्लासवूल वा रॉकवूल (काचेच्या वा खडकाच्या तंतूंचे लॅगिंग) वातीसारखे तेल धरते, एवढेच कारण काही जण देतात. स्वयंतापनाचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. तंतूंवर पसरलेल्या तेलाचे पृष्ठफळ प्रचंड असते; ऑक्सिजनशी त्याचा सावकाश संयोग होऊन निघणारी उष्णता लॅगिंगमुळेच कोंडते आणि तापमानाबरोबर संयोगाचा वेगही वाढत जातो. सेम्योनोव (१९२८) व त्यानंतर सुमारे दशकभराने फ्रँक-कामेनेत्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मांडलेल्या औष्णिक स्फोटाच्या सिद्धांतांशी हे जुळते. लॅगिंग जितके जाड तितके धोक्याचे तापमान खाली येते, ही गोष्ट वातीच्या मताने उलगडत नाही. हलके तेल पेटण्याआधीच उडून जाते. जड तेल मुरून राहते.

प्रतिबंध : गळती मुख्यतः फ्लँज (नळांचे बोल्टने आवळलेले जोड), व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीचा गळतीरोधक भाग) व पंपाचे सील येथून होते. म्हणून शक्य तेथे वेल्डिंगचे जोड द्यावेत, फ्लँजवर लॅगिंग न करता फक्त पत्र्याचे संरक्षक कवच बसवावे, व्हॉल्व्हचा दांडा आडवा ठेवावा. म्हणजे थेंब लॅगिंगवर न पडता खाली गळतात. गळतीच्या जागांलगत तेल न शोषणारी बंद छिद्रांची फेसकाच (फोम ग्लास) वापरतात. भिजलेले लॅगिंग वाळवून पुन्हा बसवू नये, बदलावेच.

नागपूरच्या उन्हाळ्यात लॅगिंगवरचा बाहेरचा पत्रा उन्हानेच तापतो, त्यामुळे उष्णतादर्शक कॅमेऱ्याने तपासणी पहाटे करणे श्रेयस्कर. चकचकीत ॲल्युमिनियमवर कॅमेरा तापमान प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकतो, हेही ध्यानात घ्यावे. १९५६ मध्ये रामपूर येथे स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे. आग विझवण्याचे प्रशिक्षण तेथे मिळते; तथापि लॅगिंगमधला धूर सर्वांत आधी दिसतो तो पाळीवरच्या फिटरला, म्हणून पुढची कृती त्याला तोंडपाठ हवी. धूर दिसताच पत्रा उघडू नये, कारण हवा मिळताच धुमसणारे तेल भडकते. आधी बर्नर बंद करावा, पंप चालू ठेवून तेल थंड होऊ द्यावे आणि अग्निशामक हाताशी घेऊनच लॅगिंग काढावे.